हवेच्या कॉम्प्रेसरची निगा व दुरुस्ती

वापी-सिल्वासा मार्गावरील दादरा २२ जुलै १९५४ रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाला. आज त्या परिसरात कारखान्यांची वस्ती झाली असून टायरमध्ये हवा भरणे, लाकडी सामानास रंग मारणे, यंत्रावरील धूळ झाडणे अशा कामांसाठी हवेचा छोटा कॉम्प्रेसर दुकानांत व घरांतही आढळतो. हे यंत्र बिघडले की मालक एकतर थेट नवे विकत घेतो, नाहीतर अर्धवट माहितीवर ते खोलून बसतो. दोन्ही मार्ग तोट्याचे. दुसरा तर धोक्याचाही आहे.

यंत्राची रचना साधी आहे. मोटर पिस्टन हलविते, पिस्टन हवा दाबतो, ती एकमार्गी झडपेतून, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून, टाकीत जाते. ठराविक दाब होताच प्रेशर स्विच मोटर बंद करतो. काहीही खोलण्यापूर्वी दोन गोष्टी अवश्य कराव्या : वीजजोड काढावा, आणि टाकीतील हवा सोडून काटा शून्यावर आणावा.

मोटर नुसती घुमते पण फिरत नसेल, तर बटण तत्काळ बंद करावे. अन्यथा तिची गुंडाळी जळते. लांब व बारीक वायरीमुळे विजेचा दाब उतरतो, म्हणून प्रथम ती बदलून पाहावी. मग टाकी रिकामी करून यंत्र पुन्हा चालवावे. आता ते सुरू झाले, तर दोष बहुधा एकमार्गी झडपेत किंवा यंत्र थांबताच पिस्टनवरील हवा सोडणाऱ्या छोट्या झडपेत असतो. यंत्र थांबताना क्षणभर ‘फुस्स’ होणे स्वाभाविक होय. परंतु तो आवाज चालूच राहिला तर एकमार्गी झडप काढून साफ करावी अथवा बदलावी. टाकी रिकामी असूनही मोटर घुमतच राहिली, तर कपॅसिटरचा संशय घ्यावा. त्यात वीज साठून राहते, म्हणून ते काम जाणत्या वायरमनकडेच सोपवावे.

यंत्र चालते पण दाब चढत नाही, अशी तक्रार असल्यास हवेची जाळी झाडावी व सर्व जोडांवर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे येतील तेथे गळती समजावी. गळती नसेल तर हवा ओढण्याच्या तोंडाशी हात धरावा. तेथून हवा उलट बाहेर फेकली जात असल्यास आतील झडपेची पट्टी तुटली किंवा मळली आहे. ती व तिचे गॅस्केट बदलता येते. हवेबरोबर तेल येऊ लागले तर बहुधा पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत; ते काम कारागिराचे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ३० अंश सेल्सिअसला पूर्ण दमट अशा एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम पाण्याची वाफ असते. ती हवा दाबून नवव्या हिश्शात आणली व पुन्हा तितकीच थंड झाली, की सुमारे २७ ग्रॅम पाणी टाकीच्या तळाशी उतरते. दादऱ्याच्या पावसाळ्यात हे पाणी किती साचत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. त्याने टाकी आतून गंजते, आणि वरचा रंग मात्र तसाच चकचकीत राहतो. चौरस सेंटिमीटरला ८ किलोग्रॅम दाब असता तळहाताएवढ्या, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर, पत्र्यावर ८०० किलोग्रॅमचा रेटा पडतो. असा पत्रा गंजून फाटला, तर जवळचा मनुष्य वाचणे कठीण.

म्हणून रोज काम संपताच तळाचा कॉक उघडून पाणी काढावे. सेफ्टी व्हॉल्व्ह कधीही आवळू अगर बंद करू नये. टाकीतून गंजाचे पाझर दिसू लागले तर तीस वेल्डिंग अथवा ठिगळ न लावता ती मोडीतच काढावी. झडप, रिंग, गॅस्केट यांची दुरुस्ती हा व्यवहार आहे. गंजलेल्या टाकीची दुरुस्ती हा मात्र जिवाशी केलेला सौदा आहे, आणि तसला सौदा कोणत्याही शहाण्या व्यापाऱ्याने करू नये.