हेलसिंकीचे फुटबॉल गुरुजी

फिनलंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बर्फ, असंख्य सरोवरे आणि लांबलचक हिवाळा उभा राहतो. सुमारे 55 लाख वस्तीच्या या देशाचे बर्फावरील हॉकीत मोठे नाव आहे. फुटबॉलचे प्रेम तेथेही आहे. परंतु त्या प्रेमाला यशाची जोड मिळत नव्हती. 1930 च्या दशकात फिनलंडचा पुरुष संघ विश्वचषकाच्या पात्रता-सामन्यांत प्रथम उतरला. त्यानंतर ऐंशी वर्षे लोटली, तरी विश्वचषक अथवा युरोपीय अजिंक्यपद यांपैकी एकाही मुख्य स्पर्धेचे दार त्याला उघडले नव्हते.

ही निराशा मार्कु कानेर्वा यांनी खेळाडू म्हणून स्वतः अनुभवली होती. 1964 साली जन्मलेले कानेर्वा बचावफळीत खेळत. 1986 ते 1995 या काळात ते देशासाठी 59 सामने खेळले. त्यांत त्यांच्या नावावर गोल लागला तो अवघा एक. बचावफळीतील खेळाडूची सेवा अशीच असते. गोल करणाऱ्याचा जयजयकार होतो. गोल अडविणाऱ्याची आठवण बहुधा चूक झाल्यावरच निघते.

कानेर्वा यांनी प्राथमिक शिक्षकाचे शिक्षण घेतले होते आणि शाळेत मुलांना शिकविलेही होते. पुढे 21 वर्षांखालील राष्ट्रीय संघ त्यांच्या हाती आला. 2009 साली स्वीडनमध्ये भरलेल्या युरोपीय स्पर्धेत या वयोगटाचा फिनिश संघ प्रथमच पोहोचला. तेथे तिन्ही सामने तो हरला. पण पेरलेले वाया गेले नाही. त्या संघातील टिम स्पार्व हा पुढे ज्येष्ठ संघाचा कर्णधार झाला.

2016 हे वर्ष संपत आले, तेव्हा राष्ट्रीय संघाला त्या वर्षात एकही विजय मिळालेला नव्हता. अशा वेळी मुख्य मार्गदर्शकाचे काम कानेर्वा यांच्याकडे आले. त्यांनी प्रथम बचाव बळकट केला. गोल करण्याचे काम तेमु पुक्की याने केले. युरोपीय स्पर्धेच्या पात्रता-सामन्यांत त्याने 10 गोल केले. 15 नोव्हेंबर 2019 रोजी हेलसिंकीत लिश्टेनश्टाइनवर 3-0 असा विजय मिळाला आणि पिढ्यान्‌पिढ्या बंद असलेले ते दार अखेर उघडले.

महासाथीमुळे ती स्पर्धा 2021 साली झाली. 12 जून रोजी कोपनहेगन येथे फिनलंडची गाठ डेन्मार्कशी पडली. खेळ चालू असतानाच डेन्मार्कचा क्रिस्तियान एरिक्सन हृदयक्रिया बंद पडून कोसळला. सामना थांबला. तेव्हा फिनलंडच्या प्रेक्षकांनी ‘क्रिस्तियान’ अशी हाक दिली आणि डेन्मार्कच्या प्रेक्षकांनी ‘एरिक्सन’ म्हणून तिला साथ दिली. तो शुद्धीवर आल्याचे कळल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. योएल पोह्यानपालो याने गोल केला आणि फिनलंड 1-0 असा जिंकला. ऐंशी वर्षे ज्याची वाट पाहिली, तो पहिला विजय हाती आला. पण गोल करणाऱ्याने आनंदोत्सव केला नाही.

पुढील दोन सामने गमावून फिनलंड परतला. 2024 मध्ये पराभवांची मालिका लागली आणि त्या वर्षाअखेर कानेर्वा यांचा कार्यकाळ संपला. परंतु गुरुजींची योग्यता शेवटच्या निकालपत्रकावरून कोण ठरवितो? जे दार त्यांना खेळाडू म्हणून ओलांडता आले नाही, तेथपर्यंत त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना नेऊन पोहोचविले.