ट्यूब पुन्हा पुन्हा फुटतेय? आधी भोक कुठे आहे ते बघा

आपट्याहून पनवेलला रोज रोड सायकलने जाणाऱ्यांसाठी हे लिहितोय. महिन्याभरात माझ्या मागच्या चाकाच्या तीन ट्यूब गेल्या. दर वेळी नवी टाकली, कारण शोधलंच नाही. चौथी फुटल्यावर तिच्यात हवा भरून पाण्यात धरली, तर बुडबुडे रिमच्या बाजूने! रिम टेप सरकली होती आणि स्पोकच्या भोकाची कड ट्यूब कापत होती. नवी कापडी टेप लावली, त्रास थांबला.

शेजारी शेजारी दोन चिरा असतील, तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेपली. रोड सायकलच्या टायरची हवा आपोआप उतरते, म्हणून दर तीन-चार दिवसांनी गेजवाल्या पंपाने तपासा. टायरवर छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका.

धाडकन फुटली, तर बहुधा ट्यूब टायरच्या कडेखाली अडकलेली असते, नाहीतर ब्रेक शू घासून टायरची बाजू फाटलेली. बसवताना ट्यूबमध्ये थोडी हवा भरा, मग कड चारी बाजूंनी नीट बघा.

आणि नवी ट्यूब टाकण्याआधी टायरच्या आतून जुना सुती कपडा फिरवाच. रुतलेली काच किंवा तार त्यालाच अडकते.