लॉटरीचा पैसा जातो कुठे?

लॉटरीचे नाव काढले की घरच्या बाईच्या कपाळाला आठी पडते, आणि ती रास्तच आहे. हजेरीचे पैसे तिकिटात गेले तर चूल पेटायची कशी? पण ब्रिटनची राष्ट्रीय लॉटरी थोडी वेगळी आहे. तिथे हरलेल्या तिकिटाचाही एक वाटा लोकांच्या कामासाठी कायद्यानेच बाजूला काढला जातो. म्हणून तिची माहिती आम्ही वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवीत आहोत. तिकीट घ्या, असे आमचे म्हणणे मुळीच नाही!

१९९३ साली पार्लमेंटने कायदा केला आणि १९ नोव्हेंबर १९९४ रोजी पहिली सोडत निघाली. त्या वेळी एक पौंडाच्या तिकिटातले सुमारे निम्मे पैसे बक्षिसांना, १२ पेन्स सरकारी कराला, ५ पेन्स दुकानदाराला आणि सुमारे २८ पेन्स लोकोपयोगी कामांना जात. हा शेवटचा वाटा लॉटरी चालविणाऱ्या कंपनीकडे राहत नाही. तो सरकारी देखरेखीखालच्या वेगळ्या निधीत जमा होतो. आज त्यातले ४० टक्के आरोग्य, शिक्षण, पर्यावरण व धर्मादाय कामांना, तर क्रीडा, कला आणि ऐतिहासिक वारसा यांना प्रत्येकी २० टक्के मिळतात. कोणत्या संस्थेला किती द्यायचे, हे मंत्री नव्हे, स्वतंत्र मंडळे ठरवितात.

मात्र तिकीट घेतो कोण आणि पैसा मिळतो कुणाला, हा प्रश्न तिथेही सुटलेला नाही. १९९५ साली लंडनच्या रॉयल ऑपेरा हाऊसला साडेपाच कोटी पौंड मंजूर झाले. त्याच वर्षी चर्चिल यांची कागदपत्रे त्यांच्या कुटुंबाच्या ट्रस्टकडून विकत घेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी पौंड गेले. गरिबांच्या नाण्यांवर श्रीमंतांचे नाटकघर, अशी ओरड झाली. आम्हाला ती ओरड योग्य वाटते. सरकारने करातून करावयाचे काम लॉटरीवर ढकलू नये, असेही एक तत्त्व तिथे मानले जाते. तरी २०१२च्या लंडन ऑलिम्पिकसाठी याच पैशातून सुमारे २.२ अब्ज पौंड उचलले गेले आणि लहान संस्थांनी तक्रार केली.

या लहान संस्थांसाठीची सोय आम्हाला सर्वांत मोलाची वाटते. इंग्लंडमध्ये वस्तीतल्या एखाद्या मंडळालाही ३०० ते २०,००० पौंडांपर्यंत अनुदान मागता येते. वृद्धांची बैठक असो, मुलांचा खेळ असो, की महिलांचा शिवणवर्ग. अट अशी की संस्थेच्या समितीवर एकमेकांच्या नात्यात नसलेली किमान दोन माणसे हवीत आणि बँकेचे खाते संस्थेच्याच नावे हवे. अध्यक्ष वडील, सचिव मुलगा आणि खजिनदार सूनबाई, असा घरचा कारभार तिथे चालत नाही.