सिंक्लेअर का गेला?

कॉमिक-कॉनसारख्या मेळाव्यात सभागृहाच्या मधल्या वाटेत माईक उभा करतात आणि पाहुण्याची ओळख करून देणं संपायच्या आत त्यामागे रांग लागलेली असते. कुणाच्या अंगात अंतराळतळावरचा गणवेश, कुणाच्या हातात घडी घातलेला कागद. कागदवाल्याचा प्रश्न हमखास लांबतो. आधी स्वतःची ओळख, मग मालिकेने आपल्याला कसं तारलं ते, आणि प्रश्न येईस्तोवर वेळ सांभाळणाऱ्या स्वयंसेवकाची चुळबुळ सुरू.

अंतराळतळावर घडणाऱ्या ‘बॅबिलॉन ५’ या मालिकेचे पटकथाकार जे. मायकेल स्ट्रॅझिन्स्की यांची अशी प्रश्नोत्तरं मी पाहत आलोय, काही रेकॉर्डिंग तर पुन्हा पुन्हा. ११० भागांपैकी ९२ भाग त्यांनी एकट्याने लिहिले. तिसरा आणि चौथा सीझन तर अथपासून इतिपर्यंत. त्यामुळे प्रश्न दुसऱ्या कुणाकडे ढकलायची सोय नाही.

चाहता कथेच्या आत उभा राहून विचारतो. उत्तर मात्र बहुतेक वेळा बाहेर असतं: पैशात, करारात, नटात. यानाचा वेग किती, याला त्यांचं जुनं उत्तर ठरलेलं आहे: कथानकाला लागेल तेवढा. हशा पिकतो, पण ते खरंही आहे. चौथा सीझन इतक्या घाईत का उरकला? मालिका दाखवणारं नेटवर्क गुंडाळलं जात होतं, पाचव्या वर्षाचा भरवसा नव्हता, म्हणून पाच वर्षांसाठी आखलेले धागे आधीच बांधून टाकावे लागले. शेवटचा भागसुद्धा चित्रित करून झाला. मग टीएनटी वाहिनीने पाचवं वर्ष दिलं आणि तो भाग राखून ठेवून १९९८ मध्ये दाखवला. त्यात तळावरचे दिवे मालवणारा तंत्रज्ञ म्हणजे स्वतः स्ट्रॅझिन्स्की. हे ठाऊक असलेला एक तरी चाहता रांगेत असतो, आणि तो ते विचारत नाही, सांगतो.

‘पुढे असं दाखवा ना’ एवढं मात्र चालत नाही. मालिका चालू असताना स्ट्रॅझिन्स्की चाहत्यांच्या लेखी प्रश्नांनाही उत्तरं देत. तिथे एकाने सहज एक कल्पना मांडली. ती नेमकी त्यांनी योजलेल्या एका भागाशी जुळली. गुन्हेगाराची स्मृती पुसून त्याला नवं आयुष्य द्यायचं, अशी ती गोष्ट. उद्या दावा ठोकला तर? भाग बासनात गेला. त्या चाहत्याने नोटरीसमोर हक्क सोडल्याचं लिहून दिलं, तेव्हा कुठे ‘पासिंग थ्रू गेथसेमनी’ १९९५ च्या नोव्हेंबरात पडद्यावर आला.

पण वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला तो एकाच प्रश्नाने. मायकेल ओ’हेअरने रंगवलेला कमांडर सिंक्लेअर पहिल्या सीझननंतर का गेला? आपल्याकडे रोजच्या मालिकेतला नट सोडून गेला की पात्र परदेशी रवाना होतं किंवा त्याच नावाने नवा चेहरा येतो, आणि प्रेक्षक चार दिवस कुरकुरून सरावतो. स्ट्रॅझिन्स्कींनी प्रत्येक मुख्य पात्रासाठी कथेत आधीच चोरदरवाजा ठेवला होता. माणूस गेला तरी गोष्ट थांबू नये. त्यामुळे ‘दोघांच्या संमतीने’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर पटण्याजोगं वाटे. कुणी स्टुडिओला बोल लावला, कुणी ओ’हेअरच्या अभिनयाला. उत्तर बदललं नाही.

ओ’हेअर २०१२ च्या सप्टेंबरात वारले. पुढच्या मे महिन्यात फिनिक्सच्या मेळाव्यात स्ट्रॅझिन्स्कींनी खरं सांगितलं. पहिल्या सीझनच्या चित्रीकरणातच ओ’हेअरना तीव्र मानसिक आजाराने घेरलं होतं, भ्रम होत होते. उपचारांसाठी काम थांबवायची तयारी स्ट्रॅझिन्स्कींनी दाखवली. इतरांच्या पोटावर पाय येईल म्हणून ओ’हेअरनीच नको म्हटलं आणि सीझन पुरा केला. मरेपर्यंत हे कुणाला सांगणार नाही, असा शब्द स्ट्रॅझिन्स्कींनी दिला, तेव्हा ओ’हेअरनी त्यात दुरुस्ती केली: तुमच्या नव्हे, माझ्या मरणापर्यंत. मागाहून चाहत्यांना कळू द्या, कुणाला उपयोग होईल.

तिसऱ्या सीझनमध्ये ‘वॉर विदाऊट एंड’ या जोडभागासाठी ओ’हेअर परतले आणि सिंक्लेअरची गोष्ट पुरी झाली. स्ट्रॅझिन्स्कींचं सगळ्यांत कसबी लेखन मला तेच वाटतं. नटाची प्रकृती ठाऊक असलेल्या माणसाने ते लिहिलंय, आणि कथेत त्याची कुठेही शिवण दिसत नाही.