हेड ऑफिस म्हणतं 'सक्सेस', बोईसरच्या शाखेत मात्र जुनंच सॉफ्टवेअर. अपडेट नेमकं अडकतं कुठे?

पालघर स्टेशनजवळची पतसंस्था असो, तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याचं ऑफिस असो किंवा बोईसरमधली विमा कंपनीची शाखा. एक फोन इथे कधी ना कधी होतोच.

"सर, नवीन व्हर्जन इकडे आलेलंच नाही."

"असं कसं? आमच्याकडे तर सक्सेस दाखवतंय."

गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. मुंबईतल्या स्क्रीनवर खरंच हिरवी टिक असते आणि बोईसरच्या कॉम्प्युटरवर खरंच जुनं सॉफ्टवेअर असतं. काउंटरसमोर उभ्या असलेल्या माणसाला मात्र एवढंच ऐकू येतं, "सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." बऱ्याचदा सर्व्हर व्यवस्थित चालू असतो. शाखेतलं सॉफ्टवेअर जुनं राहिलेलं असतं आणि सर्व्हर जुन्या व्हर्जनला दारात उभं करत नाही.

मग हे अपडेट मधल्या मध्ये जातं कुठे? आणि ते शोधायचं कसं?

आधी समजून घेऊ, डिप्लॉयमेंट म्हणजे काय?

एखाद्या कंपनीचे ५०० कॉम्प्युटर असतील, तर आयटीवाला पेन ड्राइव्ह घेऊन ५०० टेबलांवर फिरत नाही. हेड ऑफिसमध्ये एक मध्यवर्ती सिस्टीम असते. मायक्रोसॉफ्टची इन्ट्यून किंवा कॉन्फिगरेशन मॅनेजर ही त्यातली नेहमीची नावं. प्रत्येक कॉम्प्युटरवर या सिस्टीमचा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो, त्याला एजंट म्हणतात. हा एजंट ठरावीक वेळाने हेड ऑफिसला विचारतो, "माझ्यासाठी काही काम आहे का?" काम असेल तर तो फाईल उतरवून घेतो, सॉफ्टवेअर इन्स्टॉल करतो आणि झालं की नाही ते परत कळवतो.

म्हणजे एका अपडेटला पाच पायऱ्या पार कराव्या लागतात. निरोप मिळणं, फाईल उतरणं, इन्स्टॉल होणं, रीस्टार्ट होणं आणि रिपोर्ट परत जाणं. यातली कुठलीही पायरी अडली तरी शाखेतून एकच तक्रार येते, "चालत नाहीये."

अंधेरीत चालतं, मग बोईसरलाच का अडतं?

पहिलं कारण नेटवर्क. थोडा हिशोब करून बघा. अपडेट २ जीबीचं आहे आणि शाखेची लाईन १० एमबीपीएसची. पूर्ण स्पीड मिळाला तरी एका कॉम्प्युटरला साधारण २७ मिनिटं लागतात. शाखेत असे २५ कॉम्प्युटर असतील आणि प्रत्येकाने तीच फाईल हेड ऑफिसकडून वेगवेगळी मागवली, तर लागतात ११ तास. तेही त्या लाईनवर दुसरं काहीही चालू नसेल तर! ऑफिसच्या वेळेत हे सुरू झालं की सगळ्यांचं काम ठप्प होतं आणि कुणीतरी वैतागून राऊटरच बंद करतं.

यावर उपाय जुना आहे. फाईल शाखेत एकदाच आणायची आणि बाकीच्या कॉम्प्युटरांनी ती शेजाऱ्याकडून घ्यायची. विंडोज ७ च्या काळात मायक्रोसॉफ्टने यासाठी आणलेल्या सोयीचं नावच 'ब्रांचकॅश' होतं. विंडोज १० पासून 'डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन' हेच काम करतं. सोय असते, पण ती चालू करून ठेवावी लागते.

दुसरं कारण त्याहून साधं. कॉम्प्युटर बंद असतो. हेड ऑफिस रात्री दोनची वेळ ठरवतं, कारण तेव्हा कुणी काम करत नाही. पण शाखेत संध्याकाळी निघताना मेन स्विच बंद करायची सवय असते. पावसाळ्यात विजांच्या भीतीने तर हमखास. मग रात्री दोनला अपडेट येतं आणि त्याला दार उघडायला कुणीच नसतं.

तिसरं कारण म्हणजे शाखेत आलेली जुनी मशीन. हेड ऑफिसला नवे कॉम्प्युटर आले की जुने शाखांकडे जातात, हे अनेक ठिकाणी चालतं. डिस्क भरलेली असेल तर फाईल उतरते, पण उलगडायला जागा उरत नाही. काही वेळा तर मशीनच अपात्र ठरतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती नसेल तर नेहमीच्या मार्गाने विंडोज ११ मिळत नाही. दुसरीकडे विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

चौथं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे घड्याळ. मदरबोर्डवर बटणासारखा एक छोटा सेल असतो. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटरची तारीख काही वर्षं मागे जाते. सुरक्षित कनेक्शनमध्ये सर्टिफिकेटची तारीख तपासली जाते. कॉम्प्युटरला वाटतं अजून २०१५ चालू आहे, त्यामुळे २०२५ चं सर्टिफिकेट तो नाकारतो. एका छोट्या सेलमुळे अख्खं अपडेट अडतं.

पाचवं कारण हेड ऑफिसच्या बाजूचं. शाखा नव्या जागेत गेली, इंटरनेट कंपनी बदलली, आयपी ॲड्रेस बदलले, पण मध्यवर्ती सिस्टीममध्ये नोंद जुनीच राहिली. मग फाईल कुठून घ्यायची हेच एजंटला कळत नाही आणि तो नुसता वाट बघत बसतो.

मग शोध कुठून सुरू करायचा?

अनुभवी आयटीवाले सर्वात आधी एकच प्रश्न विचारतात, एकाच मशीनवर अडलंय की सगळ्यांवर?

शाखेतल्या सगळ्या मशीनवर अडलं असेल, तर दोष बहुतेक नेटवर्कचा किंवा शाखेच्या नोंदीचा. एकाच मशीनवर अडलं असेल, तर डिस्क, घड्याळ, अँटिव्हायरस किंवा बिघडलेला एजंट. सगळ्याच शाखांमध्ये अडलं असेल, तर पॅकेजच चुकलेलं आहे आणि शाखेच्या राऊटरशी झटापट करण्यात अर्थ नाही. या एका प्रश्नात अर्धं काम होतं.

दुसरी पायरी, एररचा नंबर. "एरर येतोय" एवढं सांगून काहीच कळत नाही. विंडोजमधले काही नंबर वारंवार भेटतात. १६१८ म्हणजे दुसरं इन्स्टॉलेशन आधीच चालू आहे, थोडं थांबा. १६०३ म्हणजे इन्स्टॉल करताना मोठी अडचण आली, पण कोणती ते लॉग फाईल उघडल्याशिवाय कळणार नाही. आणि ३०१० हा तर एररच नाही. त्याचा अर्थ, काम झालं, पण रीस्टार्ट करा.

'सक्सेस'चं कोडं अनेकदा इथेच सुटतं. इन्स्टॉलेशन झालेलं असतं, रीस्टार्ट झालेलं नसतं. त्यात विंडोज १० आणि ११ मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर 'शट डाऊन' केल्यावर सिस्टीम पूर्ण बंद होत नाही, तिचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवला जातो. त्यामुळे रोज संध्याकाळी इमानदारीने शट डाऊन करणाऱ्याचाही कॉम्प्युटर महिनाभर खऱ्या अर्थाने रीस्टार्ट झालेला नसतो.

रिपोर्ट वाचतानाही एक सापळा आहे. ९५ टक्के यशस्वी, बाकीचे 'अननोन'. अननोन म्हणजे त्या मशीनने काही कळवलंच नाही. फेल झालेलं मशीन निदान ओरडून सांगतं. गप्प बसलेल्या मशीनकडे कुणाचं लक्ष जात नाही आणि ते बहुतेक वेळा दूरच्या शाखेत असतं.

एखाद्या शाखेत अपडेट राहिलं, तर असं काय बिघडतं?

याचं उत्तर २०१७ ने दिलं. विंडोजमधल्या एका धोकादायक छिद्रासाठी मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला पॅच दिला होता. १२ मे ला 'वॉनाक्राय' व्हायरस आला आणि ज्या कॉम्प्युटरवर तो पॅच नव्हता, त्यांच्यात घुसला. मध्ये जवळपास दोन महिने होते. औषध तयार होतं, ते टेबलापर्यंत पोहोचलं नव्हतं. सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटरना फटका बसला.

पुढच्याच महिन्यात, २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याने तेच छिद्र वापरलं आणि एकदा आत शिरल्यावर लॉगिनची माहिती चोरून पॅच केलेली मशीनसुद्धा गाठली. त्याची झळ थेट महाराष्ट्राला बसली. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाचं जे टर्मिनल आहे, तिथलं काम विस्कळीत झालं.

याच मर्स्कच्या बाबतीत एक अजब गोष्ट घडली. कोण कुठल्या अधिकाराने लॉगिन करू शकतं हे ठरवणारे त्यांचे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांचे बॅकअप होते. सगळे एकदमच पुसले गेले. वाचला फक्त एक, आफ्रिकेतल्या घाना देशातल्या ऑफिसमधला. कारण? हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती! तिथलं इंटरनेट इतकं संथ होतं की डेटा ब्रिटनला पाठवायला कित्येक दिवस लागले असते. शेवटी हार्ड डिस्क विमानाने नेली. घानाच्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून नायजेरियात दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात ती सोपवण्यात आली. वीज जाणारी, नेट न चालणारी शाखा अख्ख्या कंपनीला कामी आली.

मग अपडेट एकाच वेळी सगळीकडे पाठवलं तर?

तेही महागात पडतं. १९ जुलै २०२४, शुक्रवार. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाईल जगभर पाठवली. फाईल सदोष होती. विंडोज कॉम्प्युटर निळी स्क्रीन दाखवून पुन्हा पुन्हा बंद-चालू होऊ लागले. कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, पण मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे तोपर्यंत ८५ लाख मशीनना फटका बसला होता. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. रिझर्व्ह बँकेने सांगितलं की १० बँका आणि बिगरबँकिंग वित्त कंपन्यांना किरकोळ अडथळा आला.

खरी पंचाईत पुढे होती. बंद पडलेल्या मशीनला दुरून दुरुस्ती पाठवता येत नव्हती, कारण ते नीट सुरूच होत नव्हतं. अनेक ठिकाणी माणसाने मशीनसमोर बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाईल काढून टाकायची, हाच उपाय होता. डिस्क बिटलॉकरने लॉक असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हवी. ज्या शाखेत आयटीवाला नाही, तिथे हे कोण करणार?

या घटनेनंतर क्राउडस्ट्राइकनेही अशा फाईल टप्प्याटप्प्याने पाठवायला सुरुवात केली. आधी थोड्या मशीनवर, मग एखाद्या शाखेत, एक-दोन दिवस थांबून मग सगळीकडे. त्या पहिल्या टप्प्यात अंधेरीच्या नव्या लॅपटॉपसोबत बोईसरचं जुनं मशीनही असायला हवं. नाहीतर चाचणी पास होते आणि शाखा नापास.

शाखेत बसणाऱ्याने काय करायचं?

अपडेटची सूचना आली असेल त्या संध्याकाळी मेन स्विच बंद करू नका. आठवड्यातून एकदा तरी 'शट डाऊन' ऐवजी 'रीस्टार्ट' करा. एरर आला तर पूर्ण स्क्रीनचा फोटो काढा, नंबर आणि वेळ दोन्ही दिसायला हवेत. शेजारच्या टेबलावरही तेच होतंय का, ते बघून मगच फोन करा. कोपऱ्यातल्या घड्याळाची तारीख एकदा तपासा.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. "हेड ऑफिसच्या आयटीतून बोलतोय, तुमचं अपडेट अडकलंय, हे ॲप टाका आणि कोड सांगा," असा अनोळखी फोन आला तर ठेवून द्या. तुमच्याकडे असलेल्या अधिकृत नंबरवर स्वतः फोन करून खात्री करा. अडकलेल्या अपडेटचा बहाणा फसवणूक करणाऱ्यांच्याही सोयीचा असतो.

हेड ऑफिससाठी नियम त्याहून छोटा आहे. डॅशबोर्डवर हिरवी टिक दिसली की शाखेत एक फोन लावायचा आणि विचारायचं, "स्क्रीनवर व्हर्जन कुठलं दिसतंय?" तिथून नवा नंबर ऐकू आला, तरच काम झालं.