स्थिर असता अलिप्त, हलता ओढ

स्ट्रिंग सिद्धांत म्हटलं की सगळे तंतूंबद्दल बोलतात. मला त्यातले पडदे, म्हणजे ब्रेन, जास्त खोडकर वाटतात. उघड्या तंतूंची टोकं ज्यांवर टेकतात ते डी-ब्रेन ही नुसती गणिती सोय नाही, त्यांना विद्युतभारासारखा स्वतःचा भार असतो, हे जोसेफ पोल्चिन्स्की यांनी १९९५ साली दाखवलं.

दोन सारखे डी-ब्रेन समांतर आणि स्थिर असतील, तर गुरुत्वाची ओढ आणि भारांचं अपकर्षण यांची तंतोतंत फिटंफाट होते. बल शून्य! एक हलू लागला की तोल ढळतो, पण अगदी बेताने. हा परिणाम वेगाच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो; वेग निम्मा झाला तर जेमतेम सोळावा हिस्सा उरतो.

खरी धमाल ते एकमेकांच्या अगदी जवळून जातात तेव्हा. गतीच्या ऊर्जेतून दोघांना जोडणारे तंतू जन्मतात. ब्रेन दूर जाऊ लागले की हे तंतू रबरासारखे ताणतात, त्यांना मागे खेचतात. निसटू पाहणारा ब्रेन अडकतो.

ब्रेन आणि प्रतिब्रेन, म्हणजे उलट भाराचा ब्रेन, मात्र स्थिर असले तरी एकमेकांना ओढतात. विश्वाच्या सुरुवातीची महास्फीती, म्हणजे अतिवेगवान प्रसरण, या जवळ येण्यातून घडली असेल का? २००३ मध्ये सहा जणांनी हे गणित कसोशीने तपासलं. त्यांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी होते. अडचण निघाली ती वेगाचीच: स्ट्रिंग सिद्धांतातल्या जादा मिती स्थिर केल्या की ब्रेनला पुरेसं सावकाश सरकवणं अवघड होतं.