अवकाश दुर्बीण, सुताराची जाळी आणि मुलांचा खेळ

अलिबाग-मुरूडपासून श्रीवर्धन-म्हसळ्यापर्यंत रायगडच्या किनाऱ्यावर लाकूडकामाचे जाणते हात आजही आहेत. मात्र तयार फर्निचर गावोगावी पोहोचल्यापासून दारे, खिडक्या व कपाटे यांचे काम पूर्वीसारखे राहिलेले नाही. अशा वेळी लहान कारखान्यात बनू शकेल असा एक शैक्षणिक खेळ कारागीर बांधवांपुढे मांडावा, असे वाटते. खेळ आहे अवकाश दुर्बिणीचा आणि तिचे मर्म आहे जाळीत.

भारताची ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ ही अवकाश दुर्बीण २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोटा येथून पीएसएलव्ही-सी ३० या अग्निबाणाने सोडण्यात आली. पृथ्वीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर ती फिरते. तिच्यावरील उपकरणे घडविण्यात मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्था व पुण्याची आयुका यांचा मोठा वाटा आहे. पाच वर्षांच्या हिशेबाने पाठविलेल्या या दुर्बिणीने २०२५ मध्ये दहा वर्षे पूर्ण केली.

जाळीचे काम काय?

दुर्बीण म्हटली की आपल्याला भिंग किंवा आरसा आठवतो. परंतु ताऱ्यांकडून येणारे तीव्र क्ष-किरण साध्या आरशाला जुमानत नाहीत. म्हणून अ‍ॅस्ट्रोसॅटच्या एका उपकरणात टँटलम धातूचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा बसविला आहे व त्याला ठराविक नमुन्याची चौकोनी भोके आहेत. किरण आले की खालच्या संवेदकांवर जाळीची सावली पडते. सावली किती व कुठे सरकली, यावरून किरण कोणत्या दिशेने आले ते गणिताने काढतात.

छिद्रातून जाणाऱ्या प्रकाशाचा हा विचार आपल्याला परका नाही. सुमारे ९६५ मध्ये बसऱ्यात जन्मलेल्या व पुढे कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैसम यांनी लहान छिद्रातून पडणाऱ्या ग्रहणाच्या प्रतिमेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांचा ‘किताब अल-मनाझिर’ प्रकाशशास्त्रात पुढे शतकानुशतके वाचला गेला.

खेळ कसा बनवावा?

तीन मिलिमीटरचे पातळ प्लायवूड घ्यावे. मधोमध एक इंची चौकोनांच्या सहा ओळी व सहा रांगा आखाव्यात. या ३६ चौकोनांपैकी १८ कापून मोकळे करावेत. नमुना ठराविक अंतराने पुन्हा येऊ देऊ नये. तसे झाले तर सरकलेली सावली व जागची सावली सारखीच दिसते आणि खेळच संपतो. बंद चौकोन एका तरी बाजूने शेजाऱ्याला धरून हवा, नाहीतर तो गळून पडेल. जाळीच्या डाव्या-उजव्या अंगाला चार-चार इंच फळी कोरी सोडावी, म्हणजे बाजूने उजेड शिरणार नाही. जाड फळी घेऊ नये, कारण तिरपा प्रकाश भोकाच्या भिंतीला अडतो.

जाळीमागे बरोबर एक फुटावर बटर पेपरचा पडदा चौकटीत ताणून उभा करावा. जाळीसमोर चार फुटांवर जमिनीवर एक पट्टी ठेवून तिच्यावर पाच-पाच इंचांवर पाच जागा आखाव्यात. दिवा म्हणून मोबाइलची बत्ती चालते. तिचा ठिपका लहान असल्याने सावली ठळक पडते. फक्त ती ठोकळ्यावर ठेवून जाळीच्या मध्याच्या उंचीला आणावी.

हिशेब असा : या अंतरांवर सावली सव्वापट होते, म्हणून पडद्यावरचे चौकोन सव्वा इंचाचे आखावेत. आडवे दहा व उभे सहा चौकोन पुरतात. दिवा पाच इंच उजवीकडे गेला की सावली सव्वा इंच, म्हणजे नेमका एक घर, डावीकडे जाते.

खोलीत अंधार करून एका मुलाने दिवा गुपचूप कोणत्याही जागेवर ठेवावा. दुसऱ्याने पडद्यामागून फक्त सावली पाहून जागेचा क्रमांक सांगावा. पुढच्या पायरीला दोन दिवे ठेवावेत. दोन सावल्या एकमेकींत मिसळल्या की शास्त्रज्ञांची खरी अडचण मुलांना कळते.

येथे माप चुकले तर शिक्षण चुकले. जाळी आणि पडदा यांतील अंतर इंचभर वाढले तरी सावली घरात बसत नाही. म्हणून दोन्हींना एकाच पाटावर खाचा पाडून, गुण्या लावून बसवावे आणि चार फुटांसाठी मापाची दोरी पेटीत द्यावी. अचूक कामाची ओळख आपल्या किनाऱ्याला आहेच. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचे चुंबकीय निरीक्षण १९०४ मध्ये अलिबागला हलविण्यात आले, तेव्हा मोजमापात बिघाड होऊ नये यासाठी तेथील वेधशाळा लोखंड टाळून बांधण्यात आली.

कायदा आधी, माल नंतर

भांडवल घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचा परवाना व आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांनी बनवून विकलेल्या मालाला यातून सूट देण्यात आली. तेव्हा प्रथम कारागीर म्हणून नोंदणी करावी आणि आपला माल सुटीत बसतो का, हे ब्युरोकडून लेखी विचारून घ्यावे. विजेच्या खेळण्यांचे मानक वेगळे आहे, म्हणून पेटीत बॅटरीचा दिवा देऊच नये. कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत कराव्यात व बारीक सुटे तुकडे ठेवू नयेत. इस्रोचे बोधचिन्ह परवानगीशिवाय छापू नये.

पहिल्या खेपेला दहा-वीस नगच बनवावेत. जवळच्या शाळेतील विज्ञान शिक्षकांना खेळून दाखवावे व त्यांच्या सूचना घेऊन मग नमुना पक्का करावा. किंमत ठरविताना लाकूड व मजुरीबरोबर छापील माहितीपत्रक, पेटी, वाया गेलेले नग, वाहतूक आणि दुकानदाराचे कमिशनही धरावे. माहितीपत्रकात स्पष्ट लिहावे की ही सोपी प्रतिकृती आहे, खरी दुर्बीण डोळ्यांना न दिसणारे क्ष-किरण टिपते. गिऱ्हाईकाला खरे सांगून विकलेल्या मालातच बरकत असते.

या एका खेळाने कोणाचा कारखाना रातोरात उभा राहणार नाही. पण ज्या हातांनी मशिदीच्या खिडकीची जाळी कोरली, तेच हात मुलांना आकाश मोजायला शिकवू शकतात. आपल्या मुलांनाही बापाच्या कामात गणित आहे, हे त्यातून दिसेल. इन्शाअल्लाह, पहिला नमुना या पावसाळ्यात एखाद्या कारखान्यात तयार व्हावा.